बहात्तर-पाच

४ सप्टेंबर १९७०, शुक्रवार. इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर सराव चालू होता आणि लोटस या ब्रिटिश फॉर्म्युला वन संघाच्या मेकॅनिकांनी ट्रकमधून एक कोरी करकरीत गाडी खाली उतरवली होती. लोटस ७२ या मॉडेलची पाचवी, म्हणून नंबर ७२/५. लाल-पांढरा-सोनेरी रंग, पाचरीसारखं पुढे निमुळतं होत गेलेलं नाक, आणि नाकात असायचा तो रेडिएटर चक्क दोन्ही कुशींत. गाडी तयार केली होती संघाचा पहिल्या नंबरचा ड्रायव्हर योखेन रिंट याच्यासाठी. त्या सीझनमध्ये तो पाच शर्यती जिंकून बसला होता, त्यातल्या चार ७२ मध्ये. विश्वविजेतेपद जवळजवळ त्याच्या खिशातच होतं.

नव्या गाडीचे ब्रेक बसायला, सगळं जागेवर यायला काही फेऱ्या माराव्या लागतात. हे काम कुणी पहिल्या नंबरच्या ड्रायव्हरला सांगत नाही. लोटसचा मालक कॉलिन चॅपमन याने गाडी दिली संघातल्या नवख्या पोराच्या हातात. एमर्सन फिटिपाल्डी, ब्राझीलचा, वय २३. फॉर्म्युला वनमध्ये येऊन त्याला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. लांबलचक सरळ पट्टा संपून पॅराबोलिका नावाचं उजवं वळण येतं, तिथे त्याने ब्रेक उशिरा दाबला. पुढे इग्नाझियो जुंटीची फेरारी होती. तिच्या चाकावर चाक चढलं आणि ७२/५ हवेत उडून ट्रॅकच्या बाहेर झाडीत गेली. पोरगा धडधाकट बाहेर आला. गाडीचा मात्र खुर्दा झाला होता. नवी गाडी, दुसऱ्याची गाडी, आणि तीही रिंटची! त्या संध्याकाळी त्याच्या पोटात कसा गोळा आला असेल, ते ज्याने मालकाची गाडी ठोकली आहे त्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, रिंट आपली जुनीच गाडी घेऊन ट्रॅकवर उतरला. ७२/२. त्याच पॅराबोलिकाच्या तोंडाशी ब्रेक दाबताना गाडी डावीकडे खेचली गेली आणि कठड्यात घुसली. रिंट गेला. वय २८.

ही गोष्ट मी इतक्या वेळा इतक्या ठिकाणी वाचली आहे की आता तपशील पाठ झालेत. पण दर वेळी मी अडखळतो तो शुक्रवारच्या अपघातापाशी. शनिवारच्या अपघाताचे सगळे पुरावे, साक्षी, निकाल आहेत. शुक्रवारचा अपघात मात्र जिकडेतिकडे एका वाक्यात उरकलेला असतो. आणि त्या एका वाक्यामुळेच ७२/५ ही गाडी मला इतर कुठल्याही रेसिंग कारपेक्षा जास्त ओढ लावते. ही ती गाडी, जिच्यात तो माणूस बसायचा होता आणि बसला नाही.

माझा धंदा भोसरीत टर्न्ड पार्ट्सचा. शाफ्ट, पिना, बुशिंग, असलीच कामं. त्यामुळे लोटस ७२ बद्दल वाचताना माझं डोकं पंखांकडे किंवा रंगाकडे आधी जात नाही, शाफ्टकडे जातं. साध्या गाडीत ब्रेकची डिस्क चाकाच्या आत असते. चॅपमन आणि त्याचा डिझायनर मॉरिस फिलिप यांनी ७२ च्या पुढच्या डिस्कसुद्धा चाकातून काढून गाडीच्या अंगात घेतल्या, ड्रायव्हरच्या पायांच्या आसपास. डिस्क आणि चाक यांना जोडायला मध्ये एक शाफ्ट आला. मागच्या चाकांना इंजिनची ताकद पोचवायला शाफ्ट असतोच, पण पुढची चाकं तर नुसती मोकळी फिरणारी. त्यांना शाफ्ट दिला तो फक्त ब्रेकपुरता.

हे कशासाठी? रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर चाक वर-खाली होतं. चाकाबरोबर जेवढं वजन वर-खाली होईल तेवढी त्या चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. डिस्क आणि तिला चिमटीत धरणारा कॅलिपर आत घेतले की चाक हलकं झालं. शिवाय ब्रेकची धग टायरपर्यंत जात नाही, म्हणजे जास्त मऊ, जास्त चिकट रबर वापरता येतं. कल्पना म्हणून बिनतोड. स्प्रिंगांच्या जागी पिळले जाणारे टॉर्शन बार घेतले, रेडिएटर बाजूला सरकवला. आज फॉर्म्युला वनच्या कुठल्याही गाडीकडे बघा, रेडिएटर कुशीतच असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या एका नकाशातून पुढच्या सगळ्यांनी उचल केली.

पण पुढचा ब्रेक आता शाफ्टच्या भरवशावर. ताशी तीनशेच्या वर असताना ड्रायव्हर जीव खाऊन ब्रेक दाबतो, तेव्हा तो सगळा पीळ एका नळीसारख्या पोकळ शाफ्टवर येतो. पोकळ, कारण वजन वाचवायचं. उजवा पुढचा शाफ्ट तुटला तर उजवं चाक थांबायचं नाव घेत नाही, डावं धरतं, आणि गाडी डावीकडे ओढली जाते. मोंझाला झालं ते नेमकं हेच.

तुटलेला शाफ्ट हातात आला की तो बोलतो. तुटलेल्या तोंडाकडे बघायचं. एखाद्या कोपऱ्यात गुळगुळीत, लाटांच्या रेघा उमटल्यासारखा भाग असेल तर चीर बऱ्याच दिवसांपासून हळूहळू पुढे सरकत होती. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार, म्हणजे तेवढा शेवटच्या झटक्यात तुटला. आमच्याकडे असा जॉब परत आला की आधी सगळे गप्प उभे राहून त्याच्याकडे बघतात, मग एकजण हळूच मटेरियलचा टेस्ट रिपोर्ट शोधायला जातो. शाफ्ट बहुतेक वेळा कुठे तुटतो? जिथे जाडी एकदम बदलते तिथे, खाचेच्या कोपऱ्यात, टूलच्या बारीकशा ओरखड्यापाशी. वजन कमी करायला माणूस जिथे जिथे हात घालतो, नेमकं तिथे.

रिंटला हे कळत होतं. १९६९ मध्ये बार्सिलोनाला लोटसच्याच जुन्या गाडीचा पंख मोडून तो आपटला होता, आणि त्यानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहिलं होतं. तुमच्या गाड्या एवढ्या वेगवान आहेत की कच्चे भाग भक्कम करण्यासाठी थोडं वजन वाढलं तरी आपण पुढेच राहू, असा त्या पत्राचा मथितार्थ. एका गिऱ्हाइकाने एका कारखानदाराला लिहिलेलं याहून शहाणं पत्र माझ्या वाचनात नाही. चॅपमनच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याने हलक्या गाड्या बनवल्या नसत्या तर रिंट त्याच्याकडे आलाच नसता. जिंकायचं तर लोटस आणि जगायचं तर दुसरी कुठलीही, असा हिशेब तेव्हा ड्रायव्हर लोक उघड बोलून दाखवत.

मोंझाला आणखी एक गोष्ट झाली होती. फेरारीची बारा सिलिंडरची इंजिनं सरळ पट्ट्यावर पळत होती. तिथे त्यांना गाठण्यासाठी रिंटने गाडीचे पंख काढायला लावले. पंख नसले की हवेचा अडथळा कमी, वेग जास्त, पण गाडी जमिनीला धरून राहत नाही. त्याचा जोडीदार जॉन माइल्सला ती बिनपंखांची गाडी अजिबात आवडली नव्हती, सरळ चालतच नाही म्हणाला. रिंटला चालली. त्यात रिंट पट्टेही पुरते लावत नसे. जांघेतून येणारा पट्टा त्याला नको असायचा, आग लागली तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून. गाडी कठड्याला धडकून थांबली तेव्हा तो खाली घसरला. इटलीतल्या न्यायालयात हे प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. निष्कर्ष निघाला तो असा: सुरुवात शाफ्टमुळे झाली, जीव गेला तो नीट न बसवलेल्या कठड्यामुळे.

७२/५ मध्ये रिंट असता तर? नव्या गाडीचा नवा शाफ्ट टिकला असता का? हा प्रश्न मी सोडून दिला आहे, कारण याला उत्तर नाही आणि फिटिपाल्डीला आयुष्यभर पुरेल एवढा तो जड आहे.

इथे नंबराबद्दल थोडं सांगतो. आपल्याकडे जुनी गाडी विकताना आरटीओच्या फॉर्मवर चेसिस नंबरचा ठसा लागतो. एजंट गाडीखाली किंवा बॉनेटमध्ये डोकं घालतो, नंबरावर पारदर्शक पट्टी किंवा पातळ कागद ठेवतो आणि वरून पेन्सिल घासतो. काळ्या रेघांतून हळूहळू आकडे वर येतात. इंजिन बदललेलं असो, रंग तीनदा झालेला असो, पत्रा अर्धा नवा असो, कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे ती पेन्सिलची रेघ. रेसिंग कारचंही तसंच, फक्त तिथे हा कागद फार निसरडा असतो. शर्यतीच्या गाडीचं इंजिन तिचं नसतं. आज या गाडीत, उद्या त्या गाडीत, परवा इंजिनवाल्याकडे ओव्हरहॉलला. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, चाकं, सगळं संघाच्या मालकीचं, कुणा एका गाडीचं नाही. उरतो तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना रिव्हेट मारून केलेला सांगाडा, ज्यात ड्रायव्हर बसतो. तोसुद्धा आपटला की पत्रा उलगडून नवा बसवतात. कधी सीमाशुल्काच्या कागदांसाठी एका गाडीची पाटी दुसरीवर जाते. मग चाळीस वर्षांनी दोन माणसं एकाच नंबराच्या दोन गाड्या घेऊन उभी राहतात, आणि वकिलांचं भलं होतं.

तर शुक्रवारी मोंझाच्या झाडीतून बाहेर काढलेल्या त्या सांगाड्याची दुरुस्ती झाली. कॅनडाची शर्यत लोटसने सोडून दिली. रिंटचे गुण होते ४५. फेरारीच्या जॅकी इक्सने कॅनडा जिंकून स्वतःचे २८ केले. विजयाला ९ गुण. उरलेल्या दोन्ही शर्यती इक्सने जिंकल्या तर ४६, आणि मेलेल्या माणसाच्या हातून विजेतेपद एका गुणाने जाणार.

४ ऑक्टोबर १९७०, वॉटकिन्स ग्लेन, न्यूयॉर्क राज्य. शुक्रवारच्या त्या अपघाताला बरोबर एक महिना झालेला. इक्स पहिल्या जागेवरून सुटला. फिटिपाल्डी त्याच ७२/५ मध्ये. लोटसची दुसरी गाडी स्वीडनच्या राइने विसेलकडे, त्याची तर ही पहिलीच फॉर्म्युला वन शर्यत. इक्सच्या फेरारीची इंधनाची नळी फुटली आणि तो मागे पडला. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पुढे पळणाऱ्या पेद्रो रॉड्रिगेझला पेट्रोलसाठी थांबावं लागलं. फिटिपाल्डी पुढे झाला आणि जिंकला. आयुष्यातली चौथी फॉर्म्युला वन शर्यत, पहिला विजय. विसेल तिसरा. इक्स चौथा. चॅपमन पुढे धावला आणि आपली टोपी हवेत फेकली. ही टोपी त्याने आधीही फेकली होती, नंतरही फेकली, पण त्या दिवशीचं ते फेकणं कसलं होतं, मला नीट सांगता येत नाही. त्याच्या हाताखाली माणूस गेल्याला एक महिना होत होता.

रिंट मरणोत्तर विश्वविजेता झाला. आजवरचा एकमेव. चषक त्याची पत्नी नीना हिने घेतला. इक्सने शेवटची मेक्सिकोची शर्यत जिंकली, त्याचे गुण झाले ४०. आपण विजेते झालो नाही हेच बरं झालं, असं तो पुढे अनेकदा म्हणाला. मला त्याचं खरं वाटतं.

आता ७२/५ कडे बघा. जिच्यामुळे रिंटला जुनी गाडी घ्यावी लागली, तिनेच त्याचं विजेतेपद राखलं. ज्या पोराने ती ठोकली, त्यानेच. एखाद्या लेखकाने असं कथानक रचलं असतं तर संपादकाने फार जमवून आणलंय म्हणून परत पाठवलं असतं.

१९७१ मध्ये लोटसला एकही शर्यत जिंकता आली नाही. फिटिपाल्डीला रस्त्यावरच्या अपघातात मार लागला, ७२ या मॉडेलमध्ये बदलावर बदल होत राहिले आणि काही काळ टर्बाईन इंजिनाच्या गाडीच्या नादात संघाची शक्ती गेली. इटलीत खटल्याची टांगती तलवार असल्यामुळे त्या वर्षी मोंझाला ७२ गेल्याच नाहीत. लोटसने फक्त ती टर्बाईनवाली गाडी पाठवली, तीही वर्ल्डवाइड रेसिंग या वेगळ्या नावाखाली. या वर्षाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही.

१९७२ मध्ये संघाला पैसे पुरवणाऱ्या सिगारेटवाल्यांनी ब्रँड बदलला आणि गाड्या काळ्या झाल्या, सोनेरी रेघांच्या. जॉन प्लेअर स्पेशल. हा रंग पुढे एवढा गाजला की ज्यांना लोटस म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांनाही काळ्या अंगावरची ती सोनेरी अक्षरं ओळखीची वाटतात. फिटिपाल्डीची मुख्य गाडी आता ७२/७. आपली ७२/५ राखीव झाली होती. दोनच वर्षांत राखीव! रेसिंग कारचं आयुष्य असंच असतं.

सप्टेंबर आला, मोंझा आलं. फिटिपाल्डीला विजेतेपद पक्कं करण्याची संधी इथेच. लोटसचा ट्रक इटलीतल्या महामार्गावर उलटला आणि ७२/७ ची वाट लागली. राखीव गाडी त्या ट्रकमध्ये नव्हती. ती वेगळी आणवली गेली. १० सप्टेंबर १९७२, शर्यतीच्या दिवशी, तिची पेट्रोलची टाकी गळते आहे असं लक्षात आलं. मेकॅनिकांनी शर्यत सुरू होण्याच्या तोंडावर टाकी बदलली. टाकी बदलणं म्हणजे झाकण उघडून डबा बदलणं नव्हे. रबराची पिशवी सांगाड्याच्या पोटात बसवलेली असते, ती चिंचोळ्या भोकातून घडी करून बाहेर काढायची, दुसरी तशीच आत सरकवायची, आत हात घालून सुरकुत्या काढायच्या, मग सगळ्या जोडण्या परत. आणि हे करताना घड्याळ दिसेल असं समोर. त्या मेकॅनिकांबद्दल मला जेवढा आदर आहे तेवढा ड्रायव्हरबद्दल नाही, हे लिहून टाकतो.

शर्यत सुटतानाच प्रतिस्पर्धी जॅकी स्टुअर्टचा क्लच गेला. इक्सची फेरारी विजेच्या बिघाडाने बंद पडली. फिटिपाल्डी जिंकला. वय २५, तोवरचा सर्वांत तरुण विश्वविजेता. हा विक्रम २००५ मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडेपर्यंत टिकला. त्याचे वडील ब्राझीलमध्ये रेडिओवरचे नावाजलेले समालोचक. मोंझाहून त्या दिवशीचं समालोचन तेच करत होते. आपलाच मुलगा जगज्जेता होतोय हे देशाला सांगायची पाळी बापावर यावी, आणि तेही आवाज न फुटू देता. फुटलाच तो.

तर त्याच ट्रॅकवर, जवळपास त्याच तारखांना, दोन वर्षांच्या अंतराने, तीच गाडी, तोच माणूस. पहिल्यांदा दुसऱ्यासाठी आणलेली गाडी त्याच्या हाती आली म्हणून, दुसऱ्यांदा त्याची गाडी मोडली आणि ही राखीव हाती आली म्हणून. सुटीच्या दिवशी कामाला बोलावलेल्या माणसासारखी ही गाडी. दोन्ही वेळा हिचा नंबर नव्हता, दोन्ही वेळा हिलाच काम पडलं.

मोंझा आणि लोटसची राखीव गाडी ही जोडी इथे संपत नाही. ७२ मॉडेलने एकूण २० शर्यती जिंकल्या. १९७४ ला तिची जागा घ्यायला आणलेली लोटस ७६ सपशेल फसली आणि म्हातारी ७२ पुन्हा बाहेर काढावी लागली. स्वीडनच्या रोनी पीटरसनने तिच्यातून मोनॅको, फ्रान्स आणि इटली जिंकून दाखवलं. विसावा, म्हणजे शेवटचा विजय, पुन्हा मोंझालाच. चार वर्षांनी, १० सप्टेंबर १९७८ ला, पीटरसन लोटसची ७९ घेऊन मोंझाला आला. सकाळच्या सरावात ती आपटली आणि शर्यतीसाठी त्याला आदल्या वर्षीची जुनी ७८ घ्यावी लागली. सुरुवातीच्याच गर्दीत धडक झाली, आग लागली, पाय मोडले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात त्याचा जीव गेला. फिटिपाल्डीच्या त्या विजयाला पीटरसनच्या अपघाताच्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती, तारखेसकट. मी ज्योतिष मानत नाही. पण राखीव गाडी हा विषय निघाला की लोटसच्या जुन्या माणसांना काय वाटत असेल, याचा विचार येतो.

काही वर्षांपूर्वी भाचीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा गुडवुडच्या रेसिंग गाड्यांच्या मेळ्यात एक ७२ जवळून बघितली. ७२/५ नव्हे, तिची एक बहीण. सकाळची थंडी, आणि दोन मेकॅनिक तिच्या कॉसवर्थ इंजिनात गरम पाणी फिरवत होते. थंड इंजिन तसंच फिरवलं तर आतली फट आणि तेल दोन्ही जागेवर नसतात, म्हणून आधी ते कोमट करायचं. मग विजेच्या पंपाने पेट्रोलचा दाब चढवायचा, मग स्टार्टर. तीन लिटरचा व्ही-आठ पेटला तेव्हा पहिला आवाज कानात नाही, बरगडीत लागला. मला मात्र बघायचं होतं ते दुसरंच. वाकून बघितलं तर ते दिसलं: अंगातून निघून पुढच्या चाकाकडे गेलेला शाफ्ट. नाकावर दोन धुराड्यांसारखी तोंडं, आतल्या डिस्कची गरम हवा बाहेर पडायला. शाफ्टला हात लावावासा वाटला. लावला नाही, तिथे दोरी होती आणि दोरीपलीकडे एक कडक म्हातारा.

त्याच्याशी बोलणं मात्र झालं. अशा गाड्या नुसत्या काचेत ठेवायच्या नसतील, पळवायच्या असतील, तर प्रत्येक भागाची वही असते. हा शाफ्ट कधी बसवला, किती तास पळाला, चीर तपासणी कधी झाली. रंगीत द्रव लावून पुसायचा, वरून पांढरी पावडर मारायची, चीर असेल तर तिच्यातून रंग झिरपून लाल रेघ उमटते. आमच्या शॉपमध्ये हेच करतात, तोच वास. तास भरले की भाग निघाला, दिसायला कितीही ठणठणीत असो. जुन्या गाड्यांचे शौकीन मूळ स्टिअरिंग, मूळ डायल, मूळ सीटच्या कातड्यासाठी भांडतात. मूळ ब्रेक शाफ्टसाठी भांडणारा कुणी भेटला का, असं मी विचारलं. म्हातारा हसला आणि म्हणाला, असला तर ती गाडी त्यालाच चालवायला सांग.

मग ७२/५ मध्ये १९७० चं काय उरलं? झाडीतून काढल्यावर पत्रा बदलला. १९७३ मध्ये टाकीभोवती चेपणारं आवरण असावं असा नियम आला, तेव्हा जुन्या ७२ च्या कुशी पुन्हा उलगडून नव्याने बांधल्या. इंजिनं तर किती आली नि गेली. तरीही मला ही गाडी तीच वाटते, आणि यात मला काही अडचण दिसत नाही. प्रत्येक बदल शर्यत जिंकण्यासाठी झाला, तिला खपवण्यासाठी नाही. कामासाठी बदललेला भाग आणि लिलावासाठी बदललेला भाग यांत मी फरक करतो. वाद घालायचा तर घाला.

खरी पंचाईत वेगळीच आहे. गाडी पुन्हा नीटनेटकी करायची म्हटली की एक दिवस निवडावा लागतो. रेसिंग कार दर पंधरवड्याला बदलत होती, त्यामुळे 'जशी होती तशी' असं काही नसतं. कुठल्या रविवारी होती तशी? मोंझा १९७२ निवडलं तर काळा-सोनेरी रंग, डोक्यामागे इंजिनाला हवा देणारा उंच एअरबॉक्स, एकसंध मागचा पंख. वॉटकिन्स ग्लेन १९७० निवडलं तर लाल-पांढरा-सोनेरी, इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तुताऱ्या उघड्या, मागे एकावर एक तीन फळ्यांचा पंख. दोन्ही एकाच वेळी ठेवता येत नाहीत. ७२/५ लोकांना माहीत आहे ती काळ्या-सोनेरी वेशातच, फिटिपाल्डी तिला प्रदर्शनात फिरवतो तेव्हाही तोच वेश. साहजिक आहे. जिवंत विश्वविजेता, सुंदर रंग.

मी असतो तर लाल-पांढरी केली असती. हे मी आमच्या रविवारच्या मिसळीच्या टेबलावर बोललो तेव्हा पेंटच्या धंद्यातला मित्र जवळजवळ अंगावर आला. काळ्या लोटसवर लाल रंग? वेड लागलंय का? मी म्हटलं, रिंटला विजेतेपद मिळालं ते त्या रंगात. तो म्हणाला, रिंट त्या गाडीत कधी बसला तरी होता का? मी म्हटलं, नाही ना, म्हणून तर. त्यावर त्याने तर्री मागवली आणि विचारलं, एअरबॉक्स काढलास तर झाकण कुठलं बसवणार, आणि तीन फळ्यांचा पंख तुला करून कोण देणार? पंखाचं मी बघतो म्हणालो, ॲल्युमिनियम वाकवणारा एक जण चाकणला माझ्या ओळखीचा आहे. ब्रॅकेट आपल्याकडेच होतील.